पंखा वर, नाक खाली

दूध करपलं हे आम्हांला धोंडाबाईंनी येऊन सांगितलं. आम्ही दोघंही घरातच होतो. मी शेगडीला पाठ करून ओट्याच्या टोकाशी डबा भरत होते, आप्पा खुर्चीत पेपर वाचत होते, आणि धोंडाबाई दोन घरं पलीकडून पदर खोचत आल्या. ‘चैताली, अगं काय जाळलंस सकाळी सकाळी? सगळ्या गल्लीत वास सुटलाय.’ मी वळून पाहिलं. पातेल्याच्या कडेला तपकिरी फेस वाळून चिकटला होता, तळ काळा झाला होता आणि निळसर धूर खिडकीकडे चालला होता. धूर मला दिसला. वास आला नाही. धोंडाबाईंनी गॅस बंद केला, सांडशीनं पातेलं उचलून मोरीत ठेवलं, वर नळ सोडला. ‘बापलेक दोघं जागे आणि दूध जळतंय, कमाल आहे बाई तुमची,’ म्हणत गेल्या. मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी पेपरचं पान उलटलं. पान उलटायचं तर ते आधी बोट जिभेला लावतात. सवय आहे त्यांची, आई त्यावरून त्यांना बोलायची. आज बोट ओलं न करताच त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि जाहिरातींच्या पानावर डोळे लावून बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

सर्दी असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. सर्दी नव्हती. मोरीत उभी राहून मी साबण नाकाला लावला. मग कोथिंबिरीची जुडी. मग लोणच्याची बरणी उघडून त्यात जवळजवळ नाक बुडवलं. शेवटी फळीवरचा बाम काढून नाकाखाली चोळला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण ते झोंबल्यामुळे. झोंबणं वेगळं आणि वास वेगळा, हे मला चौतिसाव्या वर्षी एका बामाच्या डबीनं शिकवलं. मला भीती वाटली. भीतीबरोबर लगेच रागही आला, कारण माझं तसंच आहे, भीती एकटी कधी येतच नाही. डबा उचलला, गाडीची किल्ली घेतली. आप्पा म्हणाले, ‘दुधाची पिशवी मी आणतो. तू जा.’ जाहिरातींच्या पानावरच नजर ठेवून म्हणाले.

सातपूरहून अंबडला जाताना वाटेत एका चिवडेवाल्याचा कारखाना लागतो. सकाळी तिथं पोहे तळतात. आयटीआयला होते तेव्हा आम्ही वेल्डर ट्रेडच्या दोन मुली त्या रस्त्यानं मुद्दाम जायचो, कारण नाश्ता न करता निघालेलं असायचं आणि नुसत्या वासावर पुढचे दोन तास निघायचे. आज मी तिथं गाडी बाजूला घेऊन थांबले. मोटरसायकलवरच्या एका माणसानं हेल्मेटची काच वर केली, श्वास घेतला आणि गालात हसून पुढे गेला. त्याला आला होता. मी उभी राहिले. मला शेवटचा कधी आला होता, ते आठवेना. मागच्या दिवाळीत? त्याच्या आधी? एखादी वस्तू हरवली तर माणूस निदान शेवटची कुठे ठेवली ते आठवतो. हे तर हरवल्याचंही कळलं नव्हतं. रोज याच रस्त्यानं जात होते, रोज वाटत होतं की वास येतोय, कारण कारखाना दिसत होता.

आणि तिथंच, कारखान्याच्या फाटकासमोर, मला आप्पांचा खेळ आठवला. मी लहान असताना आप्पा कामावरून आले की उंबऱ्यात थांबायचे, चपला काढायच्या आधी डोळे मिटायचे, नाक वर करायचे आणि आज काय शिजलंय ते ओळखायचे. ‘बोंबील.’ बरोबर. ‘हरभऱ्याची भाजी.’ बरोबर. मी टाळ्या वाजवायची. मग केव्हातरी ते चुकायला लागले. मेथीला मटण म्हणायचे, खिचडीला बोंबील म्हणायचे, आणि आम्ही पोट धरून हसायचो, कारण आम्हांला वाटायचं मुद्दाम करतात. मेथीला मटण! तेही आमच्याबरोबर हसायचे. आणि मग आईनं एक नवीन सवय लावून घेतली होती. आप्पांच्या चपला गल्लीत वाजल्या की ती घरातून मोठ्यानं म्हणायची, ‘चैते, वांग्यात मीठ बघ गं.’ ‘चैते, डाळ उतू जाईल.’ मी तिच्याजवळच उभी असायची, तिला ओरडायची काही गरज नव्हती. आणि आप्पा उंबऱ्यात डोळे मिटून म्हणायचे, ‘वांगी.’ आईला ठाऊक होतं. आई जाऊन चार वर्षं झाली. ती गेली आणि खेळही थांबला. मला वाटलं होतं, दुःखामुळे थांबला. गाडीवर बसल्या बसल्या मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. मग डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

आमचं शेड म्हणजे पत्र्याच्या चार भिंती आणि वर पत्रा. सिन्नरहून आलेल्या गेणूशेठनी ते उभं केलं, आता त्यांचा मुलगा शेखरभाऊ चालवतात. आप्पांनी, म्हणजे भिकन वेल्डरनी, इथं एकतीस वर्षं काढली, आणि दम लागायला लागला तेव्हा त्यांच्या टेबलावर मी आले. गेणूशेठची एक रीत होती. संध्याकाळी सुटी झाली की ते दारात स्टीलचा डबा घेऊन उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गूळ खाल्ला की छातीतला धूर उतरतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी मनापासून पाळलं. एक दिवस चुकवला नाही. स्वतः तापानं फणफणले होते तेव्हाही डबा घेऊन दारात होते. आप्पा त्यातला अर्धा खायचे आणि अर्धा रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचे. त्या गुळाला लोखंडाचा आणि धुराचा वास असायचा. मला तोच गुळाचा वास वाटायचा, आणि दुकानातला गूळ कित्येक वर्षं फिका वाटायचा. धुरावरचं औषध आप्पा मला खाऊ म्हणून देत होते. गेणूशेठ गेले, पण रीत शेखरभाऊंनी चालू ठेवली. तोच डबा, तीच वेळ.

शेखरभाऊ वाईट माणूस नाहीत. अवघड तेच आहे. वाईट असते तर मी केव्हाच दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीचे लोक शेड बघायला आले, त्यांच्या फॉर्मवर एक ओळ होती, धूर बाहेर काढायची सोय आहे का. शेखरभाऊंनी आठवड्याच्या आत मागच्या भिंतीला, पार वर, छताच्या पत्र्याखाली चौदा फुटांवर एक चांगला दणकट पंखा बसवला. फॉर्मवर बरोबरची खूण झाली. सगळ्यांनी मान वर करून पंखा बघितला, मीही बघितला, आणि छान वाटलं. आम्हां सगळ्यांची चूक तीच झाली. पंखा वर आणि नाक खाली. मी टेबलावर वाकते, जोड माझ्या हनुवटीखाली असतो, धूर तिथून निघतो आणि वरच्या पंख्याकडे जायचं म्हणून आधी माझ्या तोंडावरच्या वेल्डिंगच्या शील्डच्या आत शिरतो, नाकातोंडावरून फिरतो आणि मग वर जातो. पंखा काम करत होता, पण माझ्यातून करत होता. मी दोनदा बोलले होते. पहिल्यांदा शेखरभाऊंनी कापडी मास्क आणून दिले. दुसऱ्यांदा म्हणाले, ‘चैतालीताई, पंखा खाली आणला तर गॅस उडेल. जोडाला छिद्रं पडली तर माल परत येतो.’ हे खोटं नव्हतं. आमच्या मशीनमधून तारेबरोबर जोडावर गॅस सुटतो, हवा लागू नये म्हणून, आणि जोराचा वारा आला की तो गॅस उडून जातो आणि जोडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. म्हणून तर आम्ही उन्हाळ्यातही टेबलफॅन बंद ठेवून काम करतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसले ते वर्षभर.

आज मी शेडमध्ये शिरले तेव्हा शेखरभाऊ गेणूशेठच्या फोटोला उदबत्ती ओवाळून मशीनला ओवाळत होते. ओवाळून झालं की उदबत्ती ते माझ्या टेबलावरच्या एका मोठ्या नटात खोचून ठेवतात, हेही रोजचंच. ‘मी सिन्नरला जाऊन येतो, माल बघायचाय. तीन-चारपर्यंत येईन,’ म्हणाले आणि गेले. मी स्टुलावर बसून उदबत्तीकडे बघत राहिले. मोगऱ्याची होती, असं पुड्यावर लिहिलं होतं. तिचा धूर वीतभर सरळ वर जायचा, मग जराशी मान वाकवायचा आणि माझ्या हनुवटीखालून, ओठांजवळून, डोळ्यांपुढून वर पंख्याकडे जायचा. मी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. काम करायला वाकले की तो बरोबर मध्ये. वर्षभर रोज सकाळी तो मला दाखवत होता आणि मी मोगऱ्याच्या वासात होते, निदान तसं समजून होते. आज वास नव्हता म्हणून नुसता धूर दिसला.

मी शिडी आणली. पलीकडच्या टेबलावरचे नवनाथभाऊ माझ्या सहा वर्षं आधीपासून इथं आहेत, सकाळी पहिला तासभर खोकतात आणि मग त्यांना बरं वाटतं. ते म्हणाले, ‘ताई, काय करती?’ ‘पंखा खाली घेते.’ ‘शेठला विचारलं का?’ ‘वर लावताना आपल्याला विचारलं होतं का?’ त्यांनी डोकं खाजवलं. ‘घरी बसवतील तुला.’ ‘बसवू दे. शिडी धरा.’ त्यांनी मेन स्विच पाडला आणि शिडी धरली. माणसाला कधी कधी तेवढंच करता येतं आणि तेवढं पुरतं. वर पंख्याच्या पात्यांवर तपकिरी पीठ साचलं होतं. बोटानं ओढलं तर रेघ उठली. वर्षभराचं जे पात्यांवर बसलं ते हे. माझ्यात बसलं ते कुणी बोट फिरवून बघणार नव्हतं. बोल्ट काढले, पंखा उतरवला, आणि भिंतीत वर एक गोल आभाळ उघडं पडलं.

किती अंतरावर, एवढाच प्रश्न होता, आणि वर्षभर मी तो विचारलाच नव्हता, नुसती त्याला घाबरले होते. नवनाथभाऊंनी मेन स्विच पुन्हा चढवला, आणि चालू पंखा स्टुलावर आडवा धरून मी उदबत्ती टेबलावर पुढे-मागे सरकवली. दोन विती लांब ठेवली तर धूर पंख्याला जुमानत नव्हता, आपला सरळ वर. एक वीत ठेवली तर धूर सुळकन आत जायचा, पण एका तुकड्यावर जोड मारून पाहिला तर छिद्रं, मुंग्यांनी पोखरल्यासारखी. दीड वीत. माझी दीड वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि वर अर्धी. तिथं धूर वाकला आणि गेला, आणि जोड स्वच्छ आला. गॅसला जाग्यावर राहू देऊन धूर उचलणारी जागा दीड वितीवर होती, आणि ती शोधायला मला पाऊण तास लागला. मग भंगारातल्या पत्र्याचं एक नरसाळं कापलं, रुंद तोंड टेबलाकडे, अरुंद तोंड भिंतीकडे. मग ग्राइंडरला कटिंग व्हील लावून शेखरभाऊंच्या भिंतीला टेबलाच्या उंचीवर दीड फुटाचं चौकोनी भोक पाडायला घेतलं. भिंतीपलीकडे नुसत्या बाभळी आणि रिकामा प्लॉट आहे, धूर तिकडे गेला तर कुणाच्या तोंडावर जाणार नव्हता. ठिणग्या उडाल्या, पत्रा किंचाळला, आणि मला खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात आईशी बोलायला लागले. तुला ठाऊक होतं ना. मग मीठ बघ गं, मीठ बघ गं, असं ओरडत का राहिलीस? त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून तू वांगी ओरडलीस, आणि मी त्याच टेबलावर जाऊन बसले. तुझा राग येत नाही असं म्हणणार नाही. येतो. चौथी बाजू कापली तेव्हा पत्र्याचा तुकडा पलीकडे पडला आणि भोकातून बाभळीच्या शेंगा दिसल्या. मग भोकाच्या तोंडाशी पंखा बसवला आणि त्याच्यापुढे नरसाळं.

शेखरभाऊ चार वाजता आले. आधी वरचं गोल आभाळ बघितलं, मग खालचं चौकोनी भोक, मग माझ्याकडे. ‘हे कोणी केलं?’ ‘मी.’ ‘कोणाला विचारून?’ ‘नाकाला विचारणार होते, पण ते आता उत्तर देत नाही.’ मला असं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ‘चैतालीताई, हे शेड माझ्या वडलांनी उभं केलंय. भिंत कापताना हात थरथरला नाही तुमचा?’ ‘थरथरला असता तर कापलेलं सरळ आलं नसतं.’ ते सरळ आलं होतं, त्यांनी बघितलंही. आवाज खाली आणून म्हणाले, ‘तुमच्या वडलांनी याच टेबलावर एकतीस वर्षं काढली. एक शब्द तोंडातून काढला नाही कधी. त्यांनाच बोलावतो. ते सांगतील तुम्हांला.’ आणि त्यांनी खरंच फोन लावला. ‘भिकनमामा, जरा शेडवर या. मुलीला समजवा. नाहीतर उद्यापासून मला दुसरा माणूस बघावा लागेल.’

ते अर्धा-पाऊण तास मी मशीन बंद ठेवून स्टुलावर बसले. काम जाईल याची भीती नव्हती असं नाही. अंबडमध्ये बाई वेल्डरला टेबल देणारी शेडं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आहेत. पण मोठी भीती दुसरीच होती. आप्पा येतील, दारात चपला काढतील, हात जोडतील, ‘चुकलं शेठ पोरीचं’ म्हणतील, आणि मग माझ्या बाजूला कुणीच राहणार नाही, मी स्वतःसुद्धा नाही. आप्पांना हात जोडताना मी पाहिलेलं आहे. लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलेल्या शेखरला ते शेठ म्हणतात, अहो म्हणतात. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मला ‘कुणापुढं वाकू नको’ सांगणारे आप्पा इथं दारातच चपला काढतात, आणि ते वाकणं नाही, मीठ खाल्ल्याची जाण आहे, असं त्यांचं म्हणणं. मीठ नाही आप्पा, गूळ.

शेअर रिक्षा फाटकाशी थांबली. आप्पा उतरले, खांबाला धरून दोन श्वास घेतले, पाच पावलं चालले, पुन्हा थांबले. नवनाथभाऊंनी खुर्ची पुढे केली. आप्पा बसले नाहीत. ते सरळ भोकाजवळ गेले, बंद पंख्याच्या बाजूनं त्यात हात घालून बघितला, पत्र्याच्या नरसाळ्यावरून बोट फिरवलं, दीड वितीच्या माझ्या खडूच्या खुणेवर स्वतःची वीत ठेवून बघितली. त्यांची वीत माझ्यापेक्षा मोठी आहे. शेखरभाऊ सांगत होते, बघा मामा, अशानं कसं चालायचं, तुम्ही आमच्या घरातले, म्हणून तुम्हांला बोलावलं. सुटीची वेळ झालीच होती. शेखरभाऊंनी फळीवरून डबा काढला, आणि मान म्हणून पहिला खडा आप्पांच्या हातावर ठेवला. आप्पांनी सवयीनं हात पुढे केला होता.

आप्पांनी खडा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. डोळे मिटलेले होते, उंबऱ्यात मिटायचे तसेच. मग उघडले.

‘शेखर,’ ते म्हणाले. शेठ नाही, अहो नाही. ‘ह्याला वास असतो का रे?’

‘गुळाला? असतो की मामा.’

‘कसा असतो?’

शेखरभाऊ गोंधळले. ‘म्हणजे... गुऱ्हाळात येतो तसा. गोड.’

‘मला नाय येत,’ आप्पा म्हणाले. त्यांना एका दमात बोलता येत नाही, मधे थांबून थांबून म्हणाले. ‘वीस वर्सं झाली. तुझ्या बापानं लय मायेनं दिला. मी बी मायेनं खाल्ला. धूर काय उतरला नाय. मी बोललो नाय, ती माझी चूक. आज सकाळी घरात दूध जळत होतं, अन मला आला नाय वास. मला नाय आला त्याचं काय नाय. हिला बी नाय आला.’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘चौतीस वर्साची हाय ती.’ मग खडा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा शेखरभाऊंच्या हातात दिला, आणि मग खुर्चीत बसले. मला म्हणाले, ‘चालव गं तुझं मशीन. बघू दे कुठं जातो धूर.’

मी पंखा सुरू केला आणि शील्ड खाली केली. आतून मला फक्त हिरवा उजेड आणि जोडाचं वितळलेलं तेवढं तळं दिसत होतं, पण नेहमी काचेच्या आत जे भरून यायचं ते आलं नाही. वीतभर जोड मारून मी शील्ड वर केली. भोकापलीकडे बाभळीत शेवटचा धूर विरत होता. आप्पा तिकडे बघत होते. शेखरभाऊंनी पक्कडीत तुकडा उचलला, तारेच्या ब्रशनं घासला, दारातल्या उजेडात नेऊन उलटासुलटा बघितला. छिद्र शोधत होते. मी त्यांना शोधू दिलं. बराच वेळ शोधलं त्यांनी. मग तुकडा टेबलावर ठेवला, भोकाजवळ गेले, कापलेल्या पत्र्यावर हलकेच अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला.

‘कडा धारेच्या राहिल्यात,’ ते कुणाकडेच न बघता म्हणाले. ‘कुणाचा तरी हात कापेल. उद्या घासून घ्या.’

‘आजच घासते,’ मी म्हटलं. ‘उद्या नवनाथभाऊंच्या टेबलापाशी दुसरं पाडायचंय. पंखा तेवढा आणून ठेवा.’